घटक ३ : जुन्या ग्राहकाला नव्या व्यवसायाचे पत्र

३.१ प्रास्ताविक

मागील घटकात आपण चौकशीपत्र, मागणीपत्र आणि तक्रारपत्र या व्यावसायिक पत्रांचा अभ्यास केला. ती पत्रे ज्याला मिळतात, त्याला त्यांची अपेक्षा असते, किंवा निदान त्यांना उत्तर देणे हे त्याचे कामच असते. या घटकात ज्या पत्राचा विचार करावयाचा आहे, ते मात्र कोणी मागितलेले नसते. पूर्वी कधीतरी आपल्याकडून काम करून घेतलेल्या माणसाला, त्या कामाशी संबंध नसलेल्या एका नव्या व्यवसायाविषयी आपण होऊन लिहिलेले ते पत्र असते. उपयोजित मराठीच्या पाठ्यपुस्तकांत या पत्राला स्वतंत्र स्थान क्वचितच मिळते. पण तुमच्यापैकी अनेकांना पदवीच्या आधीच ते लिहावे लागते. शिकवण्या घेणारे, विमा प्रतिनिधी, छायाचित्रकार, शिवणकाम करणाऱ्या, वीजजोडणीची कामे घेणारे असे विद्यार्थी प्रत्येक अभ्यासकेंद्रावर भेटतात. एका धंद्यात भागेनासे झाले की दुसरा जोडीला घ्यावा लागतो, आणि पहिला विचार जुन्या ग्राहकांचाच येतो.

मराठीत अशा दुसऱ्या व्यवसायाला ‘जोडधंदा’ म्हणतात. शेतीला दुग्धव्यवसायाची किंवा कुक्कुटपालनाची जोड, या संदर्भात हा शब्द विशेष रुळला. शासकीय मराठी त्यालाच ‘पूरक व्यवसाय’ म्हणते. दोहोंत सूक्ष्म फरक आहे. जोड बरोबरीने चालते. पूरक वस्तू उणे भरून काढते. पत्र लिहिणाऱ्याने यांपैकी कोणताही शब्द पत्रात वापरण्याची गरज नाही, परंतु आपल्या नव्या कामाचे जुन्याशी नाते कोणते, हे मात्र स्वतःशी ठरवले पाहिजे. ते न ठरवल्यामुळे काय होते, हे पुढील उदाहरणात दिसेल.

‘ग्राहक’ या शब्दाविषयीही येथेच थोडे सांगतो. वकिलाकडे येतो तो अशील, पुरोहिताकडे यजमान, वैद्याकडे रुग्ण, नियतकालिकाचा वर्गणीदार आणि दुकानात येते ते गिऱ्हाईक. वकील आणि अशील हे दोन्ही शब्द अरबीतून आले आहेत. ज्याच्या वतीने वकील बोलतो तो मूळ माणूस म्हणजे अशील. गिऱ्हाईक हा ग्राहक या संस्कृत शब्दाचाच तद्भव अवतार. पण ‘एखाद्याला गिऱ्हाईक करणे’ म्हणजे त्याची टिंगल करणे, असा अर्थ त्याला चिकटल्यामुळे पत्रात तो शब्द टाळून आपण तत्सम रूपाकडे वळतो. प्रत्येक व्यवसायाने समोरच्या माणसासाठी वेगळा शब्द राखला आहे, कारण प्रत्येक ठिकाणचे नाते वेगळे आहे. जोडधंद्याचे पत्र हे एका नात्यातील माणसाला दुसऱ्या नात्यात येण्याचे आमंत्रण असते. म्हणून ते अवघड आहे.

३.२ एक मसुदा

काही वर्षांपूर्वी आमच्या अभ्यासकेंद्रावरील एका विद्यार्थिनीने संपर्कसत्रात आपले पत्र दाखवायला आणले. बारा-तेरा वर्षे त्या घरी ब्लाउज शिवून देत होत्या. त्यांच्या जाऊबाईंच्या हाताला चव होती, आणि त्या वर्षी दोघींनी मिळून दिवाळीचा फराळ विकण्याचे ठरवले होते. मापांच्या वहीत शे-सव्वाशे नावे व दूरध्वनी क्रमांक होते. त्या सगळ्यांना कळवायचे होते. मूळ मसुदा बोलीत, थोडा लांबलेला, दोन ठिकाणी शुद्धलेखनाच्या चुका असलेला असा होता. मी तो ‘दुरुस्त’ करून दिला. दुरुस्तीनंतरचे रूप असे :

“सन्माननीय ग्राहक,
सप्रेम नमस्कार विनंती विशेष.
आपणांस कळविण्यास अत्यंत आनंद होतो की, आपल्या सेवेसाठी आम्ही दर्जेदार दिवाळी फराळाचे नवे दालन सुरू करीत आहोत. सर्व प्रकारचा फराळ योग्य दरात करून मिळेल. तरी आपण आपली मागणी त्वरित नोंदवून सेवेची संधी द्यावी, ही विनंती.
आपली विश्वासू”

व्याकरणदृष्ट्या या पत्रात दोष नाही. परीक्षेत त्याला चांगले गुण मिळाले असते. दिवाळी झाल्यावर त्या पुन्हा भेटल्या, तेव्हा कळले की मागण्या बोटांवर मोजण्याइतक्या आल्या, त्याही बहुतेक शेजारपाजारच्या, म्हणजे पत्राशिवायही आल्या असत्या अशा. त्याहून वाईट गोष्ट पुढेच होती. नेहमीच्या काही बायकांनी त्या वर्षी दिवाळीचे ब्लाउज दुसरीकडे शिवायला टाकले होते. विचारल्यावर एकीने सांगितले, “तुमचं पत्र आलं ना फराळाचं. म्हटलं, आता शिवणकाम सोडलं असेल.” एका वृद्ध बाईंना तर पत्र कोणाचे आहे, हेच समजले नव्हते; कुठल्यातरी दुकानाची जाहिरात समजून त्यांनी ते बाजूला ठेवले. शिवणकामाचा वर्षातला सर्वांत मोठा हंगाम दिवाळीचा. जोडधंद्याच्या पत्राने मूळ धंद्याचाच हंगाम खाल्ला होता.

मसुद्यात मी काय बिघडवले, याचा शोध मी नंतर भाषाशास्त्राच्या अंगाने घेतला. तोच या घटकाचा गाभा आहे.

३.३ कर्ता कोठे गेला?

‘करून मिळेल’ ही रचना पाहा. ‘येथे पिको-फॉल करून मिळेल’, ‘येथे दळण दळून मिळेल’ अशा पाट्यांमुळे ती आपल्या डोळ्यांना इतकी सरावाची झाली आहे की तिचे वैशिष्ट्य जाणवत नाही. मराठीत ‘-ऊन’ प्रत्यय लागलेल्या धातुसाधिताचा कर्ता आणि मुख्य क्रियापदाचा कर्ता सामान्यतः एकच असतो. ‘ती जेवून गेली’ या वाक्यात जेवणारी आणि जाणारी एकच. ‘मी चिवडा करून देईन’ यातही करणारी आणि देणारी एकच. पण ‘चिवडा करून मिळेल’ यात ‘मिळेल’चा कर्ता चिवडा आहे, आणि चिवडा काही स्वतःला करीत नाही. ‘करून’चा कर्ता वाक्यातून साफ गायब झाला आहे. तो कोठेही येत नाही आणि त्याची उणीवही भासत नाही.

पाटीवर हे योग्यच आहे. पाटी रस्त्यावरून जाणाऱ्या अनोळखी माणसासाठी असते. कोण करणार याच्याशी त्याला कर्तव्य नसते, काम होते की नाही एवढेच त्याला हवे असते. ओळखीच्या ग्राहकाचे तसे नाही. त्याने पूर्वी या बाईंच्या हातावर विश्वास ठेवलेला आहे. नव्या मालाबद्दल त्याला काहीच माहिती नाही. माहिती आहे ती करणाऱ्या माणसाची. पत्राजवळ असलेले एकमेव भांडवल म्हणजे हा कर्ता, आणि माझ्या ‘दुरुस्ती’ने तोच पुसून टाकला. ‘मागणी स्वीकारली जाईल’, ‘घरपोच सेवा दिली जाईल’ या कर्मणी रचनाही हेच करतात, फक्त अधिक कोरडेपणाने.

दुसरा शब्द ‘आम्ही’. मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन रूपे आहेत, हे आपण पहिल्या वर्षी शिकलात. ऐकणाऱ्याला वगळणारे ‘आम्ही’ आणि त्याला सामावून घेणारे ‘आपण’. हिंदीत किंवा इंग्रजीत हा भेद एका सर्वनामाने होत नाही. शिवाय ‘आपण’ हेच रूप आदरार्थी द्वितीयपुरुषासाठीही येते आणि ‘स्वतः’ या अर्थानेही येते. माझ्या मसुद्यात ‘आपणांस’, ‘आपल्या’, ‘आपण’, ‘आपली’ यांची रांगच लागली आहे, आणि प्रत्येक वेळी ते दूर उभे राहून हात जोडणारे ‘आपण’ आहे. त्या विद्यार्थिनीच्या मूळ मसुद्यात एक वाक्य होते, “आपण दरवर्षी दिवाळीला ब्लाउजच्या निमित्ताने भेटतोच.” हे सामावून घेणारे ‘आपण’ होते. मी ते अनावश्यक म्हणून काढले होते.

‘आम्ही’चे तर अधिकच नुकसान झाले. एकटीने काम करणारी बाई पत्रात ‘आम्ही’ म्हणते, तेव्हा वाचणाऱ्याच्या मनात संस्था, दुकान, नोकरवर्ग उभा राहतो. वृद्ध बाईंचा गैरसमज येथूनच झाला. गंमत अशी की या ठिकाणी खरेखुरे ‘आम्ही’ अस्तित्वात होते : मी आणि माझी जाऊ. ते उलगडून सांगितले असते, तर शिवणकाम बंद झाले काय, या प्रश्नाचे उत्तर आपोआप मिळाले असते. फराळ जाऊ करणार, ब्लाउज मी शिवणार. कर्ता लपवल्यामुळे हे सांगताच आले नाही.

‘कळविण्यास अत्यंत आनंद होतो की’ याविषयी एवढेच सांगतो की, हे इंग्रजी व्यापारी पत्रव्यवहारातील वाक्याचे भाषांतर आहे, आणि कचेऱ्यांच्या मार्गाने ते मराठीत इतके मुरले आहे की त्यात आनंद कोणालाच दिसत नाही. ‘दालन’ हा शब्दही माझाच. एका स्वयंपाकघरातल्या दोन शेगड्यांना मी दालन म्हटले होते.

३.४ संबोधन

‘सन्माननीय ग्राहक’ हे संबोधन कोणालाच उद्देशून नसते. पण प्रत्येकाला नावाने लिहावे म्हटले तर निराळीच अडचण उभी राहते. मराठी पत्रलेखनातील उपाधी माणसाचे वय, लिंग आणि वैवाहिक स्थिती सांगतात : कु., सौ., श्रीमती, गं. भा. मापांची वही बारा वर्षांची. त्या वेळी ज्यांच्या नावामागे ‘सौ.’ लिहिले होते, त्यांतील काहींचे पती आज हयात नसतील, काही विभक्त झाल्या असतील, काहींची ‘कु.’ कधीच बदलली असेल. ‘श्रीमती’ हा शब्द शासकीय व्यवहारात सर्व स्त्रियांसाठी वापरतात, तरी अनेक मराठी घरांत तो अजून वैधव्यसूचक म्हणूनच वाचला जातो. ‘गं. भा.’ तर अलीकडे अनेकींना नकोशी वाटते आणि तसे वाटणे योग्यच आहे. फराळाच्या पत्राने कोणाच्या घरी दुःख उकरून काढावे, असे कोणाला वाटेल?

यावर मराठी बोलीनेच उपाय ठेवला आहे, तो म्हणजे नात्याचा शब्द. काकू, मावशी, वहिनी, ताई ही संबोधने वय आणि जवळीक सांगतात. कुंकवाविषयी बोलत नाहीत. प्रदेशाप्रमाणे ती बदलतात. कोल्हापूर-बेळगावकडे ‘अक्का’ म्हटले जाते. नागपूरकडे अनोळखी पुरुषालाही सहज ‘भाऊ’ म्हणतात. नियम एकच लक्षात ठेवावा. समोरासमोर आपण त्या व्यक्तीला जे म्हणत होतो, तेच पत्रात लिहावे. मापे घेताना ‘काकू’ म्हणणारीने पत्रात ‘आदरणीय महोदया’ लिहिले, तर काकूंना अवघडल्यासारखे होते. उलट ज्या शाळेच्या मुख्याध्यापिकांना आपण ‘मॅडम’ म्हणत आलो, त्यांना विक्रीच्या निमित्ताने एकाएकी ‘ताई’ म्हणणे हीही घसट होय.

‘तुम्ही’ की ‘आपण’ हाही प्रश्न याच नियमाने सोडवावा. आदरार्थी ‘आपण’ अधिक शुद्ध किंवा अधिक मराठी आहे, असे मानण्याचे कारण नाही. सामान्य बोलण्यात बहुसंख्य मराठी माणसे मान्य व्यक्तीलाही ‘तुम्ही’च म्हणतात.

३.५ भीड

समाजभाषाशास्त्रात पेनेलोप ब्राउन आणि स्टीफन लेव्हिन्सन यांचा सभ्यतेविषयीचा सिद्धान्त प्रसिद्ध आहे. १९७८ मध्ये प्रथम दीर्घ निबंधाच्या व १९८७ मध्ये ग्रंथाच्या रूपात तो मांडला गेला. अर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाच्या विचारांवर तो आधारलेला आहे. त्याचे सार असे : प्रत्येक माणसाला समाजात आपली आब राखायची असते, आणि तिच्या दोन बाजू असतात. आपण इतरांना हवेसे वाटावे ही एक; आपल्यावर कोणी काही लादू नये ही दुसरी. विनंती ही क्रिया दुसऱ्या बाजूला धक्का देते, कारण ती ऐकणाऱ्याला बांधून घालते. म्हणून प्रत्येक भाषा विनंतीची धार बोथट करणारी साधने बाळगते.

मराठीत या दुसऱ्या बाजूसाठी एक जुना, चपखल शब्द आहे : भीड. नाही म्हणताना वाटणारा संकोच म्हणजे भीड. ओळखीच्या माणसाने वस्तू विकायला आणली की भीड पडते. काहीजण भिडेपोटी घेतात आणि पुन्हा त्या दारावरून जाणे टाळतात. काहीजण उत्तरच देत नाहीत. मग पुढच्या वेळी ब्लाउज शिवायला येतानाही त्यांना अवघड वाटते. फराळाची एक मागणी हुकणे हे नुकसान लहान आहे. भिडेमुळे जुना ग्राहक तोंड चुकवू लागणे हे मोठे. म्हणून या पत्रात नकाराला सन्मानाने वाट करून देणारे एक वाक्य असलेच पाहिजे, आणि ते मनापासूनचे असले पाहिजे.

क्रियापदाची रूपे येथे उपयोगी पडतात. ‘मागणी नोंदवा’ हा आज्ञार्थ. ‘मागणी नोंदवावी’ हा विध्यर्थ. तो आज्ञा सौम्य करतो, पण अपेक्षा ठेवतोच. ‘त्वरित’ जोडले की ती सौम्यताही जाते. ‘हवे असल्यास कळवावे’ यात अट आधी येते आणि निवड वाचणाऱ्याकडे राहते. ‘ब्लाउज दसऱ्यापर्यंत दिलेत तर वेळेवर मिळतील’ यात विनंतीच उरत नाही; राहते ती माहिती. या ‘दिलेत’मधील ‘त’कडे लक्ष द्या. ‘दिले’ हे रूप ब्लाउज या कर्माप्रमाणे चालते, पण ‘त’ने ‘तुम्ही’ हा कर्ता न उच्चारता दाखवला जातो. सर्वनाम न वापरताही समोरच्याला वाक्यात स्थान देणारा हा प्रत्यय पत्रलेखनात फार कामाचा आहे.

म्हणजे हे पत्र मुळात विनंतिपत्र नव्हे. ते वार्तापत्र होय. मराठी उद्योगाच्या इतिहासात याचे चांगले उदाहरण आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरुवात केली आणि पुढे कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर यांच्या निर्मितीकडे ते वळले. व्यवसाय वाढल्यावर १९२० मध्ये किर्लोस्करवाडीहून कारखान्याची आणि मालाची माहिती देणारे नियतकालिक निघाले. त्याचे नाव ‘किर्लोस्कर खबर’. शंकरराव किर्लोस्करांच्या संपादनाखाली तेच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले आणि मराठी वाङ्मयाच्या इतिहासात गेले. नावात जाहिरात नाही, खबर आहे, हे मला नेहमी अर्थपूर्ण वाटते.

३.६ वही कोणाची?

भाषेच्या अभ्यासक्रमात हा प्रश्न कशाला, असे कोणी म्हणेल. पण पत्र कोणाला लिहावे हे ठरल्याशिवाय ते कसे लिहावे हे ठरत नाही.

मापांच्या वहीतील नावे, क्रमांक आणि मापे ग्राहकांनी ब्लाउज शिवण्यासाठी दिलेली होती. ज्या कामासाठी माहिती घेतली, त्याच कामासाठी ती वापरावी, हे तत्त्व २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाच्या मुळाशी आहे. तो कायदा अंकीय स्वरूपातील माहितीपुरता आहे आणि कागदी वहीला तो लागत नाही, असा युक्तिवाद करता येईल. मला तो पुरेसा वाटत नाही. शिंपिणीच्या वहीत बाईच्या शरीराची मापे असतात. ती वही दुसऱ्या कामासाठी उघडली आहे, अशी शंकासुद्धा ग्राहकाला येऊ देऊ नये. पत्रात जुन्या कामाची आठवण करून द्यावी, पण ती मोजकी असावी. ‘तुमच्या लेकीच्या लग्नातले ब्लाउज’ ही आठवण चालते. ‘तुमचे माप माझ्याकडे आहे’ हे वाक्य शिवणकामाच्या पत्रातसुद्धा जपून लिहावे.

वही आपली नसून मालकाची असेल, तर प्रश्न तेथेच संपतो. दवाखान्यात नावनोंदणी करणाऱ्या मुलीने रुग्णांचे क्रमांक स्वतःच्या साड्यांच्या विक्रीसाठी वापरणे, किंवा दुकानातील नोकराने तेथील यादी घरी नेणे, हा भाषेच्या सौम्यतेने झाकता येणारा दोष नव्हे. काही व्यवसायांत तर असे पत्रच लिहिता येत नाही. वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनुसार परिपत्रके किंवा वैयक्तिक पत्रे पाठवून काम मागण्यास मनाई आहे, आणि स्वतः दुसरा धंदा चालवण्यासही. सनदी लेखापालांनाही १९४९ च्या अधिनियमानुसार काम मागणारी पत्रे वर्ज्य आहेत, आणि दुसऱ्या व्यवसायासाठी त्यांच्या संस्थेच्या परिषदेची परवानगी लागते. तुमच्यापैकी जे शासकीय सेवेत आहेत, त्यांनी महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियम, १९७९ आधी वाचावेत आणि मग लेखणी उचलावी.

खाद्यपदार्थांचे म्हणाल, तर घरी करून विकणाऱ्यालाही अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ खाली नोंदणी करावी लागते. तिचा चौदा अंकी क्रमांक भावपत्रकावर छापावा. ‘दर्जेदार’ या विशेषणापेक्षा तो अधिक बोलतो.

आता साधनांविषयी थोडे. बहुतेक विद्यार्थी आज असे पत्र व्हॉट्सॲपवर पाठवतात. तेथे सर्व ग्राहकांचा एक ग्रुप केला, तर प्रत्येकाचा क्रमांक इतर सर्वांना दिसतो, हे टाळावे. ब्रॉडकास्ट यादीत तसे होत नाही, पण ज्याने आपला क्रमांक स्वतःच्या फोनमध्ये साठवलेला आहे, त्यालाच तो संदेश पोहोचतो. म्हणजे जुना, संपर्क तुटलेला ग्राहक नेमका वगळला जातो. अशांना एकेकट्याने लिहावे किंवा चिठ्ठी द्यावी. त्यात वेळ जातो खरा, परंतु एकेकाला लिहिताना प्रत्येक नाव डोळ्यांखालून जाते, आणि कोणाला लिहू नये हेही त्याच वेळी लक्षात येते.

३.७ दुसरा मसुदा

पुढच्या वर्षी त्या विद्यार्थिनीने स्वतःच पत्र लिहिले. मी फक्त शुद्धलेखन पाहिले, आणि एका ठिकाणी ‘पोचवणे’चे ‘पोहोचवणे’ करण्याचा मोह आवरला.

“नमस्कार काकू,
मी मारुतीच्या देवळामागे ब्लाउज शिवते ती. तुमच्या धाकट्या लेकीच्या लग्नातले ब्लाउज मी शिवले होते, आठवत असेल.
यंदा माझी जाऊ दिवाळीचा फराळ करून देणार आहे. भाजणीच्या चकल्या, चिवडा, शंकरपाळे, करंज्या आणि अनारसे, एवढे पाचच पदार्थ. हिशेब आणि घरी पोचवणे माझ्याकडे आहे. शिवणकाम नेहमीसारखे चालूच आहे. दिवाळीचे ब्लाउज दसऱ्यापर्यंत दिलेत तर धनत्रयोदशीच्या आत मिळतील.
भाव आणि नोंदणीचा नंबर सोबतच्या चिठ्ठीत आहे. अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजवावे लागतात आणि पीठ मुरावे लागते, म्हणून अनारसे हवे असतील तर कोजागरीपर्यंत कळवावे. बाकीचे वसुबारसेच्या आठ दिवस आधी सांगितले तरी चालेल.
तुमच्याकडे घरी फराळ होत असेल तर काही कळवायला नको. पुढे असे निरोप नको असतील तर तेवढे सांगा, मी वहीत खूण करून ठेवीन.
घरी सगळ्यांना नमस्कार.”

या पत्रात ‘दर्जेदार’, ‘उत्कृष्ट’, ‘योग्य दरात’ यांपैकी काहीही नाही. गुणवत्तेचा दावा करणारे एकही विशेषण नाही. पण तांदूळ तीन दिवस भिजवणारी बाई अनारसे कसे करते, याची कल्पना अनारसे माहीत असलेल्या कोणालाही येते. मुदतीच्या मागे कारण दिलेले आहे, म्हणून ती मुदत दटावणीसारखी वाटत नाही. ‘एवढे पाचच’मधील ‘च’ पाहा. सर्व प्रकारचा फराळ मिळेल असे म्हणणाऱ्यापेक्षा पाचच पदार्थांवर थांबणाऱ्यावर माणूस अधिक विश्वास ठेवतो. शिवणकामाचे वाक्य मधोमध आले आहे. ते पहिल्या ओळीत आले असते तर पत्र ब्लाउजचे झाले असते. शेवटी आले असते तर आधीच निर्माण झालेली शंका फेडण्यास उशीर झाला असता.

‘मी ... शिवते ती’ ही ओळख करून देण्याची पद्धत लेखी मराठीत कोणी शिकवत नाही. नाव विसरणाऱ्या माणसाला ठिकाण आणि काम आठवते, हे लिहिणारीने ओळखले आहे. खाली सहीत नाव होतेच. येथे ते गाळले आहे.

एक दोष मात्र मला अजूनही वाटतो. ‘आठवत असेल’ या शब्दांत थोडी भीड आहे. ज्यांना आठवत नाही, त्यांना ते शब्द उगाच अपराधी करतात. हे मी त्यांना सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या, “सर, लेकीच्या लग्नातला ब्लाउज कोणती आई विसरते?” त्यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. त्या दिवाळीला फराळाच्या मागण्या दोघींना पेलतील इतक्या आल्या, आणि दुसरीकडे गेलेल्या बायकांपैकी काही ब्लाउज घेऊन परत आल्या. काही आल्या नाहीत.

स्वाध्याय

१. ‘करून देईन’, ‘केले जाईल’ आणि ‘करून मिळेल’ या तीन रचनांतील कर्त्याचे स्थान स्पष्ट करा. तुमच्या गावातील पाच पाट्या वहीत उतरवून घ्या आणि प्रत्येकीत कर्ता दिसतो की लपतो, ते नोंदवा.

२. बारा वर्षे घरगुती शिकवणी घेणाऱ्या शिक्षकाने उन्हाळ्यात आंब्यांच्या पेट्या विकण्याचे ठरवले आहे. माजी विद्यार्थ्यांच्या पालकांना लिहावयाच्या पत्राचा मसुदा तयार करा. ज्यांची मुले अजून शिकवणीला येतात, त्या पालकांना हेच पत्र पाठवावे काय? ‘भीड’ या संकल्पनेच्या आधारे चर्चा करा.

३. प्रस्तुत घटकातील दुसऱ्या मसुद्यात ‘आठवत असेल’ हे शब्द ठेवावेत की गाळावेत? आपले मत सकारण लिहा. दोन्ही बाजूंची उत्तरे ग्राह्य धरली जातील.